होडीची साखर

आमच्या वस्तीवरून गावात जायला चौसष्ट ओढी लागत. धरणाच्या फुगवट्याचं पाणी भीमेतून मागं सरकत आमच्या ओढ्यात शिरलं, तेव्हा गाव एका काठाला राहिलं आणि आमची चार घरांची वस्ती दुसऱ्या. मधल्या पाण्यावरून एक दोर ताणलेला होता. अलीकडं तो बाभळीच्या बुंध्याला बांधलेला आणि पलीकडं जमिनीत गाडलेल्या लोखंडी अँगलला. पत्र्याच्या होडीत उभं राहायचं, दोर दोन्ही हातांनी धरायचा आणि ओढायचा, की होडी पुढं सरकायची. वल्हं नाही, नावाडी नाही. ज्याला जायचं त्यानं ओढायचं. मोठ्या पुरुषाच्या बासष्ट ओढी होत, माझ्या चौसष्ट. पुढं कधीतरी मी त्या दोराला सुतळीच्या गाठी मारून अंतर मोजलं, ते एकशे नव्वद फूट भरलं. तेवढं पाणी टाळून कोरड्या वाटेनं गावात जायचं तर अकरा किलोमीटरचा वळसा पडे. हे दोन आकडे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण माझी शाळा या दोन आकड्यांच्या मध्ये अडकली होती.

घरात आम्ही पाच माणसं. वडील साखर कारखान्यात कामाला. सीझन सुरू झाला की त्यांच्या पाळ्या लागत आणि ते आठवड्यातून एकदा घरी येत, कपड्यांना मळीचा वास घेऊन. म्हणून घर चालायचं ते तात्यांच्या शब्दानं. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. उंच, सुकलेले, पहाटे उठून खाकरत गोठ्यात जाणारे. त्यांच्या खाकरण्यावर काकीची चूल पेटे आणि चूल पेटली की आईच्या दुधाच्या किटलीचं झाकण वाजे. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, हिवाळ्यात हुलग्याचं माडगं. या सगळ्यामागं दोराचा आवाज असायचा. ओला दोर होडीच्या कडीतून सरकताना कुरकुरायचा आणि कोण ओढतंय ते मला अंथरुणातून कळायचं. तात्यांची ओढ लांब आणि संथ. आईची आखूड, भराभर, जणू विहिरीतून पोहरा काढतेय.

आई तात्यांशी थेट बोलत नसे. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, समोर आले तर पदर पुढं घ्यायचा, अशी रीत. पण एकाच घरात राहायचं म्हटल्यावर बोलावं तर लागतंच, म्हणून ती माझ्यामार्फत बोले. तात्या तीन हातांवर बसलेले असत आणि आई म्हणे, "सुमे, तात्यांना इचार, कांद्याला पानी आज द्यायचं का उद्या." मी तोंड उघडायच्या आत तात्या मला सांगत, "आईला सांग, उद्या." मी मधे नुसती उभी राहायची, कान दोन्ही बाजूंना. वयाच्या सहाव्या वर्षापासून मी हे काम केलं.

होडीचीही एक रीत होती. तिच्यात कोणी चपला घालून चढत नसे. काठावर चपला काढायच्या, हातात घ्यायच्या, होडीच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग अनवाणी पाय ठेवायचा. मी एकदा आईला का म्हणून विचारलं तर म्हणाली, "घरात शिरताना काढतो न्हवं? मग नदीच्या अंगावर चढताना काढायला काय झालं?" होडीच्या पुढच्या टोकाला पत्र्याचं सपाट झाकण होतं. त्यावर पाय देऊनच आत उतरायचं आणि पलीकडं त्यावरूनच बाहेर पडायचं. काठाचा गाळ पायाला, पायाचा गाळ त्या पत्र्याला, वर गुळगुळीत निळा रंग. पाऊस संपल्यावर पाणी काठोकाठ भरलं की ते झाकण साय धरलेल्या दुधासारखं दिसे आणि तसंच निसरडं होई.

मी नववीत होते त्या वर्षी दसऱ्यानंतर आई तिथं पडली. सकाळची वेळ होती. मी दप्तर घेऊन मागच्या फळीवर, आई किटली घेऊन पुढं झाकणावर उभी, दोर तात्यांच्या हातात. होडी काठाला लागली आणि आईचा पाय सटकला. किटली पाण्यात गेली, आई होडीच्या कडेवर आदळली आणि उजवं मनगट मोडलं. दूध पाण्यावर पांढरं पसरत गेलं ते मला अजून दिसतं. आई ओरडली नाही. डाव्या हातानं उजवा हात उचलून धरत ती एवढंच म्हणाली, "सुमे, किटली धर."

गावच्या डॉक्टरांनी श्रीगोंद्याला पाठवलं. तिथं प्लास्टर घातलं आणि संध्याकाळी आम्ही परत आलो. जेवणं झाल्यावर तात्या भिंतीकडं बघत म्हणाले, "उद्यापून बायकापोरींनी होडीत पाय ठिवायचा न्हाई. दूध मी घालीन."

"आणि माझी शाळा?" मी विचारलं.

"शाळा काय पळून चालली? एक पाय घसरला आज. उद्या तू पान्यात गेलीस तर मी तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?"

"मला पोहता येतं."

"आईलाबी येतं. हात मोडलाच ना?"

आठवड्यानं वडील आले, त्यांच्यासमोर मी विषय काढला. ते बिचारे पायाचे तळवे चोळत म्हणाले, "तात्या म्हनत्याल तसं." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. तो आज नाही, पण आला होता हे लिहायला हवं.

आता एक गोष्ट सांगते, जी त्या घरात तेव्हा दोघींनाच माहीत होती. मला ओढी मोजायची सवय होती. तात्यांच्या बासष्ट असत आणि शेवटची ते नेहमी अर्धीच घेत, म्हणजे होडी काठाला हळूच टेकते. त्या दिवशी एकसष्टाव्या ओढीला काठावरून कोणीतरी हाक मारली, तात्यांनी मान वळवली आणि शेवटची ओढ पूर्ण घेतली. होडी काठावर आपटली. पत्रा निसरडा होताच, पण नुसत्या पत्र्यानं आई पडली नसती. मी हे आईला गोठ्यात सांगितलं. ती डाव्या हातानं शेण ओढत होती. म्हणाली, "मला ठावं हाय. पाठीला डोळं न्हाईत, पर पायाला हायेत." मग कंबर सरळ करून म्हणाली, "हे डोक्यात ठिव. तोंडात आनू नको. त्यानं माझा हात जुळनार न्हाई, आन् घर मात्र मोडंल." मी खूप विचार केला. तात्यांना दुरुस्त करणं माझ्या हातात नव्हतं. झाकण दुरुस्त करणं होतं. आणि झाकणच जर कारण म्हणून सांगितलं जात होतं, तर ते कारण मी त्यांच्या हातात ठेवणार नव्हते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरायला अठ्ठावीस दिवस होते. झाकणाचं माप घेतलं. लांबी चार फूट, टोकाला रुंदी एक फूट, मागं साडेतीन. क्षेत्रफळ नऊ चौरस फूट. बाजारातून काही आणायचं म्हटलं तर तात्यांच्याच हाताकडं बघावं लागलं असतं, तेव्हा घरात जे असेल त्यातूनच करायचं ठरवलं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेले ऑइल पेंटचे दोन डबे होते, एक लाल, एक हिरवा, दोन्ही अर्धे. त्यांवर साय धरली होती. ती काढली तर खालचा रंग चांगला होता.

मग मी गोठ्यामागं एक फळी मांडली. पाच फूट लांब, तिच्यावर पत्र्याचा तुकडा ठोकलेला. एका टोकाखाली विटा रचायच्या, पत्र्यावर गाळ फासायचा, पाणी ओतायचं आणि अनवाणी उभं राहायचं. कितव्या विटेला पाय घसरतो ते वहीत लिहायचं. नुसता रंगवलेला पत्रा: दोन विटा. त्यावर गोणपाट ठोकलं. कोरडं असताना सहा विटांना पाय धरला, पण गाळ मुरल्यावर तीन विटांतच म्हशीच्या पाठीसारखं बुळबुळीत झालं. ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवले: दोनच विटा, आणि दुसऱ्या दिवशी कडा सुटल्या. काकी चुलीपुढून बघायची आणि म्हणायची, "अवो, तुमची पुतनी घसरगुंडी बांधतीया, पोरांकडून पैसं घ्यायला." दर खेपेला मी बसकण मारून पडले की ती पदरात तोंड घालून हसे. मी मुकाट उठून वीट लिहायची.

रंगावर वाळू हा विचार मला आपोआप सुचला आणि तोच बरोबर वाटला. पिठाच्या चाळणीनं चाळलेली बारीक वाळू रंगात बुडून गेली, तिचा काही उपयोग झाला नाही. गव्हाच्या चाळणीतली जाड घेतली, तर सात विटा! मी नाचतच घरात गेले. दुसऱ्याच दिवशी कोणाला न विचारता झाकणाच्या अर्ध्या भागावर ती वाळू बसवली. दोन दिवसांनी काकीला माहेरी जायचं होतं. होडीबंदी असली तरी माहेरच्या कामाला तात्यांनी सूट दिली, स्वतः हात धरून चढवलं. काकीच्या टाचांना भेगा होत्या. तिनं पाय ठेवला आणि किंचाळली. भेगेत वाळूची धार घुसली होती, रक्त आलं. "अगं बया, कानस बसवलीस का काय!" ती म्हणाली. संध्याकाळी खुरपं घेऊन तात्यांनी ती वाळू खरवडून काढली. मला अनवाणी माणसांची होडी करायची होती आणि मी चपलांची केली होती. चूक माझीच होती. पण खरवडण्याचा तो आवाज ऐकून मी मनात म्हटलं, खरवडा, अजून एकोणीस दिवस आहेत.

दिवाळीच्या आधी कारखान्यानं सभासदांना साखर दिली. तात्यांच्या नावावर शेअर होता. दर वर्षी त्यांनी पोतं फोडायचं, तागडी लावायची आणि वाटे करायचे: हा घरचा, हा थोरल्या आत्याचा, हा धाकट्या आत्याचा. ते होईतो कोणी पोत्यात हात घालत नसे. त्या वर्षी जाड दाण्याची साखर आली होती. काकी कुरकुरली, कारण करंजीच्या सारणाला ती कुटावी लागते.

त्याच दिवशी मी डेअरीच्या नव्या किटलीवर आमचा नंबर काढत होते, सतरा, लाल रंगानं. आई एका हातानं साखर डब्यात भरत होती. डबा कलंडला आणि ओल्या सतरावर साखर सांडली. मी वैतागून किटली तशीच कोपऱ्यात ठेवली. दोन दिवसांनी विसळायला घेतली तर साखर पाण्याबरोबर निघून गेली आणि सतरावर बोट फिरवलं तर बोट अडकलं. दाणे गेले होते, त्यांचे खळगे रंगात राहिले होते. खरबरीत, पण बोचत नव्हतं. गाय हात चाटते तेव्हा तिची जीभ लागते, तसं. मी ती किटली घेऊन आईकडं गेले आणि तिचा अंगठा धरून सतरावर फिरवला. ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "विटांवर लाव."

सहा विटा. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा सहा.

एक चौरस फुटाला तीन मुठी लागल्या, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम. नऊ फुटांना एक किलो साडेतीनशे. सांडलवंड धरून पावणेदोन किलो. तात्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून मी विचारलं नाही. पण चोरलंही नाही. भर दुपारी, ओसरीवर, त्यांच्यासमोर तागडी घेतली आणि घरच्या वाट्यातून पावणेदोन किलो मापली.

"कशाला गं एवढी?" तात्या म्हणाले.

"होडीला."

ते आधी हसले. मग माझ्या दुसऱ्या हातातला रंगाचा डबा त्यांना दिसला. "येडी झालीस? अन्न हाय त्ये! अन्न पायाखाली घालनार?"

"पायाखाली राहणार नाही तात्या, धुऊन जाणार आहे."

"म्हंजी पान्यात घालनार! लोकांच्या पोरांना सनाला गोड मिळंना, आन् तू..."

आतून आईचा आवाज आला. "सुमे, तात्यांना सांग, या दिवाळीला मी साखर खानार न्हाई. माझी होडीला गेली आसं समजा."

"माझीपण," मी म्हटलं.

तात्यांनी टोपी उचलली आणि ते मळ्याकडं निघून गेले. आम्ही दोघींनी त्या दिवाळीत खरंच गोड खाल्लं नाही. शंकरपाळ्यांचा वास घरभर असताना चिवड्यावर दिवस काढले. आज मला शुगर आहे आणि गोड बंद आहे, पण तेव्हाच्या चार दिवसांइतकं ते कधी जड गेलं नाही.

होडी काठावर ओढून मी झाकण घासलं, कोरडं केलं, अर्धं लाल अर्धं हिरवं रंगवलं आणि चाळणीनं साखर पेरली. रात्रीतून मुंगळ्यांची रांग लागली, बाभळीपासून थेट होडीपर्यंत. सकाळी तात्या दात घासत ती रांग बघत उभे होते. "मुंग्यांना जेवन घातलंस," ते म्हणाले, "शाळेचं न्हाई तर न्हाई, एवढं पुन्य तरी पदरात पडलं." तिसऱ्या दिवशी रंग कडक झाल्यावर मी बारा घागरी पाणी ओतून झाकण धुतलं आणि वर रंगाचा एक पातळ हात दिला. एका भुकेल्या मुंगळ्याचा ठसा त्या हिरव्या रंगात कायमचा राहिला.

शाळा भरायच्या दिवशी मी गणवेश घालून काठावर गेले. तात्या बाभळीखाली उभे होते. दोर त्यांच्या मुठीत.

"घरी जा, सुमे."

"तात्या, तुम्ही म्हणालात पाय घसरतो. आता घसरत नाही. गाळ फासून बघा."

"त्येच्यावर पाय ठिवायचा न्हाई. अन्न हाय."

"अन्न गेलं वाहून. इथं नुसती त्याची जागा आहे."

"लई बोलाया लागलीस."

माझ्या तोंडाशी ते वाक्य आलं होतं: शेवटची ओढ तुम्ही पूर्ण घेतली होती. ते तोंडातून निघालं असतं तर मी जिंकले असते, आणि मला जिंकायचं होतं, फार जिंकायचं होतं. तेवढ्यात मागून किटलीचं झाकण वाजलं. आई आली होती. पदर डोक्यावरून पुढं, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात किटली. तिनं चपला काढल्या. मुद्दाम चार पावलं चिखलातून चालत गेली, घोट्यापर्यंत पाय बरबटू दिले आणि झाकणावर चढली. होडी डुचमळली. आईनं किटली खाली ठेवली नाही. एका पायावर उभं राहून दुसरा पाय तिनं दोनदा दाणकन आपटला. पत्रा वाजला, पाणी हललं, आई हलली नाही.

"सुमे," ती म्हणाली, "तात्यांना म्हनावं, दोर सोडा."

निरोप्याचं काम त्या दिवशी मी केलं नाही. तात्या तिच्या पायांकडं बघत होते, मग प्लास्टरकडं बघितलं. मग मूठ उघडली.

दोघींचं वजन होतं म्हणून सत्तर ओढी लागल्या. सत्तरावी मी अर्धीच घेतली. होडी काठाला टेकली तर आवाजसुद्धा आला नाही. आई उतरताना म्हणाली, "शेवटची हळू घेतलीस."

"व्हय," मी म्हटलं.

आता तिथं पूल आहे. मी नगरला राहते. परवा मुलानं बाथरूमच्या फरशीला चिकटवायला खरबरीत पट्ट्यांचा गुंडाळा आणला आणि माझ्या वयाचा हवाला देऊ लागला. मी पट्टी चिकटवली, पाणी ओतलं, साबण फासला आणि अनवाणी उभी राहून बघितलं. चार विटांच्या लायकीची आहे. त्याला काही कळलं नाही.

तात्यांनी हार मानली असं कोणी समजू नये. त्या सकाळनंतर वर्षभर ते त्या झाकणावर पाय देईनात. होडीच्या मागच्या अंगाला, जिथं मी काही केलं नव्हतं, त्या निसरड्या फळीवरून कडेला धरून धरून चढत, दोनदा गुडघे फोडून घेतले. काकी म्हणायची, "पुढून चढा की!" ते म्हणत, "मला सवय हाय." मी रोज शाळेत गेले, आई रोज डेअरीत गेली, आणि उन्हापाण्यानं खळगे हळूहळू बुजत आले. मी दर महिन्याला मोजत होते. दसऱ्यापर्यंत सहाच्या चार विटा झाल्या होत्या.

दिवाळीला कारखान्याची साखर आली. तात्यांनी पोतं फोडलं, तागडी लावली. आई भिंतीशी करंज्या लाटत होती, हात सरळ जुळला नव्हता, लाटणं जरा तिरपं जाई. घरचा वाटा झाला. थोरल्या आत्याचा झाला. धाकट्या आत्याचा झाला. तात्यांनी चौथा कागद पसरला, त्यावर दोन किलो ओतली आणि कोणाकडंही न बघता म्हणाले, "ही होडीची."

मी आईकडं बघितलं, निरोप पोचवायला तयार. आईनं माझ्याकडं बघितलंच नाही. तिनं लाटणं खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर होता तिथंच राहू दिला आणि सरळ त्यांच्याकडं बघून म्हणाली,

"भावजी, तीन लागत्याल. मागची फळी राह्यलीया."

तात्यांनी पुन्हा तागडी उचलली.